डबा, सन अठ्ठ्याण्णव

झाकणाच्या फटीत नाणं घालून पिळलं
आणि डब्याने सव्वीस वर्षांचा श्वास सोडला:
आधी व्हिनेगर, मग मनुका,
मग कुठलीशी ओल्या गवताची गंजी.

पट्ट्या काळ्या पडल्यात, वर पांढरी कणी.
बुरशी की साखर?
खानझोडेने खिशातलं भिंग काढलं असतं,
अभ्रकाच्या दगडांना लावायचा ते.

सेमिनरी हिल्सवर मे महिना. कूलर बंद ठेवलाय.
एक पट्टी पेपरावर वाळत घातली.
इथल्या हवेला दहा मिनिटं पुरतात,
अकराव्याला चुरा.

दुमडून भरली. पहिली काडी फुकट,
दुसरीने लाल झाली.
जोरात ओढलं, जीभ पोळली.
"काहून घाई करून राह्यला बे, गाडी सुटते का तुही?"
त्याचंच वाक्य, माझ्याच तोंडात.

अर्ध्यावर अंजीर लागतं.
तळाशी मिरी, आणि थंड झालेल्या चहासारखं काहीतरी.
नवी होती तेव्हा कडू होती ही तंबाखू.
आम्हीही.

डब्याच्या बुडाला त्याची पेन्सिल:
'रिटायर झाल्यावर. दोघांनी.'
माझी निवृत्ती झाली परवा.
त्याची राहून गेली.

पाइप विझला, पुन्हा पेटवला नाही.
उरलेल्या पट्ट्या मोजल्या, अकरा.
झाकण अंगठ्याने गच्च दाबलं,
पण हवा शिरलीय आता आत.