बारावी

सकाळी नऊला प्लेट काढते.
द्राक्षरसाची जेली, वर बोटभर यीस्ट.
रस पिंपळगावच्या गाडीतला,
बाजारात न गेलेल्या फुटक्या मण्यांचा.
गांगुर्डे मामा म्हणतात, माश्यासुद्धा नाशिकच्याच, मॅडम,
दुसऱ्या रसावर अंडं घालायच्या नाहीत.
मामांनी दुसरा रस कधी करून पाहिलेला नाही.

टरफलं ब्लीचमध्ये दोन मिनिटं.
मग रंग, मग काच,
मग मी, भिंग,
आणि खिडकीबाहेरचा कॉलेज रोड, जो मला ऐकू येत नाही.

तांदळाच्या कणीलाही लाजवेल एवढा भ्रूण.
नसा अजून कच्च्या, ओल्या सुतासारख्या,
आणि त्यांच्या कडेकडेने तपकिरी ठिपके.
ग्लिया.
पुस्तकात अर्थ दिलाय : डिंक.
पुस्तकवाल्याने जळालेली मोटार उघडलेली नसणार.

आईने उघडल्यात. एकोणीस वर्षं,
सातपूरला, मोगल ढिकल्यांच्या रिवाइंडिंगच्या गाळ्यात.
तारेखाली कागद, वर सुती पट्टी, मग वार्निश,
मग रात्रभर बल्बच्या उबेत वाळवण.
तार कोणीही ओढतं गं, म्हणायची,
मोटार जळते ती गुंडाळणीत कुचराई झाली की.
तिच्या नखांतलं वार्निश
माझ्या लग्नातही निघालं नव्हतं.

तर, पोटाच्या प्रत्येक खंडात, प्रत्येक बाजूला, नशीवर बारा.
अकरा आतल्या. चेतारज्जूच्या काठाला जन्मतात
आणि नस धरून बाहेर निघतात,
एक कायम पुढे,
बाकीच्या तिच्या मागे, एकमेकींना लागून,
अंधारात जिना उतरावा तशा.
समोरून, त्याच वाटेने,
स्पर्शाच्या तारा आत येत असतात.
कोणी कोणाला थांबवत नाही.
कुठल्या घराण्यातली कुठे टेकणार
हे मात्र बहुतेक ठरलेलं :
ही वळणावर, ही फाट्याशी, ही पार टोकाला, पाठीकडे.

बारावी आतली नाही.
ती तिथलीच, कातडीखालची,
एका चेतापेशीची सख्खी बहीण.
कुठून आली नाही, कुठे निघाली नाही.
नस आली तेव्हा ती होतीच.
रंग तोच, काम तेच, पट्टी तशीच घट्ट.
भिंगातून बघून सांगता येणार नाही
हिचं मूळ गाव कुठलं.

मला विचारतात. फ्लॅट बघायला गेलं की, हळदीकुंकवाला, रिक्षात.
मूळ कुठल्या तुम्ही?
सातपूर म्हटलं की म्हणतात, नाही, त्याच्या आधी.

मागल्या आठवड्यात बिघडलेले भ्रूण पाहिले,
ज्यांच्यात एक जनुकच मुकं आहे.
ग्लिया नाहीत. ज्या व्हायच्या होत्या
त्यांतल्या कितीतरी चेतापेशी होऊन बसल्या.
सगळ्यांनाच तार व्हायचं.
नसा विस्कटलेल्या, सुटलेल्या,
एक तर भलत्याच खंडात शिरलेली.
त्या रात्री जेवण गेलं नाही, का ते माहीत नाही,
माशीच तर होती.

आज चौथा खंड, डावी बाजू.
नऊ. दहा. अकरा.
काच फिरवली, फोकस खालीवर केला.
आईचा फोन आला तेव्हा तोंडून निघालं,
बारावी सापडत नाहीये.
ती म्हणाली, अगं, तुझी झाली की,
पेढे मीच वाटले होते ढिकल्यांच्या गाळ्यात.

मी हसले, आणि हात हलला, आणि जागा गेली.

परत शोधताना सहा वाजले.
मामांनी पंखे बंद केले, इन्क्युबेटरवर हात ठेवून पंचवीस आहे म्हणाले,
खरं तर आकडा समोरच लिहिलेला असतो.
तक्त्यात चौथा खंड, डावी : अकरा.
पेन्सिलीने.
बाहेरची असती तर वाटेत कुठेतरी दिसली असती.
घरातच असलेली
कुठे म्हणून शोधायची.