इंदोऱ्याच्या खोलीतली पेटी

इंदोऱ्याच्या टाकीखाली पत्र्याचं दार असलेली खोली.
आत एसी, दोन बॅटऱ्या, एक झाडू
आणि रॅकमध्ये दीड वीत उंचीची पेटी.
शहराची रिंग इथवर येते, इथूनच परत जाते.
कामठीची रिंगही इथवर येते, परत जाते.
पेटी नसती तर दोघी
एकाच भिंतीला पाठ लावून
अनोळखी राहिल्या असत्या.

गजभिये सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
"रिंग पूर्ण जुळली तर काय होते, सांग."
मी म्हटलं, चांगलंच होईल की.
"मरते ना बाई! निघालेला निरोप थांबतच नाही.
फिरते, फिरता फिरता दुप्पट होते,
अन् सारी रिंग आपल्याच बोलण्यानं भरून जाते.
म्हणून एक दार मुद्दाम बंद ठेवायचं.
तुटलेलं नाही. बंद."

मला पाचपावलीचं घर आठवलं.
आजोबांच्या तेरवीला पंगतीत कोणी म्हटलेलं वाक्य,
"हिस्सा मागायला बरोबर आली,"
अकरा वर्षं सात घरांतून फिरून राहिलं,
दर फेरीत थोडं जाड होऊन.

काल रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
ऑटोमोटिव्ह चौकात जेसीबीनं केबल उपटली.
पेटीवरचा एक हिरवा दिवा गेला,
एरवी कधीच न लागणारा एक लागला.
पापणी लवायच्या आत
कामठीच्या दवाखान्यातला एक्स-रे
कोराडीवरून, लांबच्या वाटेनं,
हिंगण्याच्या डॉक्टरकडे पोचलाही.

कोणाला कळलं नाही.
मला कळलं, कारण फोन मला येतो.
मीटर म्हणालं, दोन किलोमीटर, एकशे बारा मीटर.
खड्ड्यात उतरून मी आणि इस्माईल
केसाएवढ्या काचेची टोकं समोरासमोर आणत होतो.
मशीन एक ठिणगी टाकतं,
काच काचेत विरघळते.
असे चोवीस धागे.
जेसीबीवाला वर बसून विचारत होता,
"मॅडम, काही बंद पडलं का?
नाही ना? मंग काहून येवढ्या रात्री?"

सहाला रजिस्टरमध्ये लिहिलं :
सेवा खंडित, शून्य मिनिटं.
शून्य लिहायला चार तास लागले.

दार पुन्हा लावण्याआधी पेटी पाच मिनिटं थांबते,
नवा जोड टिकतो का, बघून घेते.
तेवढ्यात मी कळमन्याला आत्याचा नंबर लावला.
कूलरची घरघर, आणि तिचा झोपाळू आवाज,
"कोण वं?"
मी म्हटलं, काही नाही,
लाईन तपासून राहिली.