वीस गुणांचा प्रश्न

लाकोटा धर्म आणि इस्लाम:
मूलभूत श्रद्धा व आचार. तुलना करा. गुण वीस.
हा येणारच, असं मास्तर म्हणाले.

पेपर फैजपूरला, मंगळवारी.
आज रविवार, सतरावा रोजा,
पालच्या घाटात ऊन असं
की सरडाही पाय आलटून-पालटून ठेवतो.

वहीच्या मधोमध मी पट्टीनं रेघ मारते.
डावीकडं लिहिते: वाकान तांका.
घाईनं देव म्हणू नका, मास्तरांनी बजावलं होतं,
थोर गूढ म्हणा,
जे गव्यात आहे, गारपिटीत आहे, दगडातही.
उजवीकडं: अल्लाह एक.
ना त्याला लेकरू, ना कुणी जोडीचं.

डावीकडं लाल दगडाची चिलीम,
चारी दिशांना दाखवायची,
मग वर, मग खाली मातीला.
उजवीकडं एकच दिशा.
आमच्या पाड्यावरून ती मावळतीला,
किंचित उत्तरेला कललेली,
धरणाची भिंत संपते तिथून जाते.

डावीकडं इनिपी: ठेंगणी झोपडी,
तापले दगड, त्यावर पाणी,
वाफेत बसून आतला मळ काढायचा.
समासात लिहिते:
एप्रिलात अख्खा रावेर तालुका इनिपीत बसतो.
खोडते.

पाणी नसलं तर स्वच्छ मातीवर हात टेकून
तेच तोंडावरून फिरवायचे, वजू होते.
हे मी चुकून डावीकडं लिहिलं.
खोडायला रबर घेतलं, आणि तसंच राहू दिलं.

त्यांचा पोरगा डोंगरावर जातो,
चार दिवस उपाशी, तहानेला, एकटा,
काही दिसेतो.
आणि हिराच्या गुहेतून, वाच, हा हुकूम ऐकून
थरथरत घरी आलेले ते,
म्हणाले, पांघरा मला.
इथं माझी रेघ जरा पुसट झाली.
घामानं असेल.

बाबा पहाटेची नमाज पढून
टोपली घेऊन मोहाखाली गेले. मी मागून.
फुलं टपटपत होती, बोटं चिकट झाली,
आम्ही दोघांनी चाखली नाहीत.
पहिली मूठ त्यांनी बुडाशी ठेवली,
दगडापाशी.
दगड आता कोरा आहे.
बऱ्हाणपूरहून नवे मौलाना आले त्या साली
गुलशेरकाकानं वाघदेवाचा शेंदूर खरवडला,
खरवडताना पुटपुटला, माफ कर.
कोणाला म्हणाला,
ते घरात कुणी विचारलं नाही.

"ही मूठ कोणाची?" मी विचारलं.
"ज्याची हाये त्याची व पोरी.
उचल टोपली, ऊन चढते."

मूठ अभ्यासक्रमात नाही.
मंगळवारी प्रश्न आलाच.
अकरा पानं लिहिली, पुरवणीला दोरा बांधला,
शेवटी त्यांचं ते वाक्य टाकलं:
मिताकुये ओयासिन, सगळेच आपले नातलग.
उजवीकडचं त्याच्यासमोरचं वाक्य
घंटा झाल्यावर आठवलं.

परतीच्या एसटीत बाबा म्हणाले, काय विचारलं?
सांगितलं, सात समुद्रांपलीकडं काही माणसं आहेत,
त्यांचे काळे डोंगर, कागदावर लिहून दिलेले,
मग सोनं निघालं, मग काढून घेतले.
"फारेस्टवाले?"
"तसलेच कोणीतरी."
बाबा सावदा मागं पडेपर्यंत गप्प.
खिडकीतून केळीच केळी.

मग एकदम: "त्यायच्याकडे मोहू ऱ्हाते?"
नसावा, म्हटलं.
"मंग पहिली मूठ कशाची ठेवतात?"
हे मला माहीत होतं.
"तंबाखूची."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं,
नकळत सदऱ्याचा खिसा चाचपला.
रोजा सुटायला
अजून बारा मिनिटं होती.