पाच, वीस, सत्तर

टूसॉनमध्ये, टायरवाल्याच्या बाजूला माझं दुकान.
सावली विकते मी, फुटाच्या भावाने.
जूनमध्ये इथे ऊन मी म्हणतं
आणि गाड्या सकाळी सातलाच दारात उभ्या असतात.

त्या गाडीला इंजिन नव्हतं, आवाज नव्हता,
छप्परही नव्हतं म्हणायचं:
कपाळापासून मानेपर्यंत एकच सलग काच.
ओफेलिया येस्कास म्हणाली, काळी कर. सगळी.
लेकाच्या सीटचं बक्कल तापून
त्याच्या मांडीवर उठलेला चटका
तिने फोनवर दाखवला. टपाल तिकिटाएवढा.
आणि एसी लावला की मैल गळतात, म्हणाली,
फिनिक्सपर्यंत आकड्यावर डोळा ठेवायचा,
उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावा तसा.

मी नमुने मांडले. पाच, वीस, पस्तीस, सत्तर.
आकडा लहान तितका अंधार मोठा,
लोक नेहमी उलटं समजतात.
मग दिवा लावला, भट्टीसारखा लाल,
आणि तिला म्हटलं, काचेमागे हात धर.
स्वस्तातल्या काळ्यामागे तिने हात झटकला.
जवळजवळ पारदर्शक सत्तरमागे
तो तसाच राहिला, काही न झाल्यासारखा.
काळं म्हणजे थंड नव्हे,
हे मला स्वतःला कळायला बारा वर्षं लागली.

तिचा बाप अजून मागच्या सीटवरच होता,
दार उघडं, मान मागे टाकलेली.
दोन रेफ्युहिओ. सॅन मॅन्युएलच्या खाणीत एकतीस वर्षं,
पहाटे अंधारात खाली, संध्याकाळी अंधारात वर.
ह्या गाडीत तांबं किती असेल? त्याने विचारलं.
मी म्हटलं, मला फक्त काचेतलं कळतं.
पुष्कळ असणार, तो म्हणाला,
आणि खिडकीच्या कडेवरून हात फिरवला,
ओळखीच्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

जाताना तीन तुकडे खिशात घातले त्याने. उद्या देतो.

उद्या आला तो साडेसहाला.
तुकडे एकेक करून काउंटरवर ठेवले.
रात्री अंगणात उभा होतो, म्हणाला, चंद्राकडे धरून.
पाचमधून मीच दिसलो मला.
वीसमधून चंद्र, पण आजारी.
सत्तर त्याने शेवटी ठेवला
आणि नुसते खांदे उडवले.

आणि तादेओची मांडी? ओफेलियाने विचारलं.
तिने सीटच उचलून आणली गाडीतून,
बक्कल दिव्यासमोर, सत्तरच्या आड ठेवलं
आणि दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.
पंखा फिरत होता. शेजारी टायरमधली हवा सुटत होती.
मग तिने मनगटाची आतली बाजू त्यावर टेकवली,
बाटलीतलं दूध बघतात तशी.
कोमट, ती म्हणाली.
हो नाही म्हणाली. किंमत विचारली, तिप्पट होती.
बापाने पाकीट काढलं, तिने ते परत त्याच्या खिशात कोंबलं,
त्याने पुन्हा काढलं. मी बाटलीत साबणपाणी भरत राहिले.

छपराला सत्तर. लेकराच्या खिडक्यांना वीस.
पुढच्या काचांना कायद्याची मोजपट्टी, तिथे वाद नाही.
चार तास लागले. वरची काच मोठी, वळणदार,
फिल्म तिच्यावर बसवणं म्हणजे
झोपलेल्या माणसाला चादर घालणं, सुरकुती न पाडता.

किल्ली देताना नेहमीचं सांगितलं:
दोन दिवस काचा खाली करू नका, काही पुसू नका.
दोन रेफ्युहिओ मागे बसला, मान टाकली.
वर बघितलेलं चालेल ना?

डाव्या कोपऱ्यात, फिल्मखाली,
धुळीचा एक कण राहिला होता.
मी दाखवला, पुन्हा लावून देते म्हटलं.
त्याने डोळे बारीक करून शोधला, सापडला नाही,
ओफेलियाला घाई होती.
मला मात्र तो अजून दिसतो,
ती गाडी सिग्नलला कधी माझ्या बाजूला थांबली की
मी आधी तिकडेच बघते.