नावाने हाक

धनकवडी, तिसरा मजला. रात्रीचे पावणेदोन.
काळ्या पडद्यावर एकच ओळ:
झोपेआधीचं काही सापडलं नाही.
मी पॉवरचं बटण दाबून धरलं,
डास मारल्यावर हात तसाच ठेवतात तसं.
पुढे जाऊ दिलं असतं
तर त्याने अंथरूण झटकून टाकलं असतं,
आणि सकाळच्या साडेअकरापासून आत निजलेलं सगळं
केराबरोबर गेलं असतं.

हा कर्नल शार्दूलने बांधलेला.
बिबवेवाडीहून स्कूटरवर यायचा, हेल्मेट फ्रीजवर ठेवायचा.
"फ्लॉपी लागते तुला? नाही ना? काढ.
हे कार्ड आहे तुझ्याकडे? मग काढ."
कार्य उरकल्यावर भाड्याची भांडी मोजून परत करावीत
तसा एकेक खूण पुसत गेला.
सात सेकंदांत उठायचा लॅपटॉप.
आम्ही घड्याळ लावून बघायचो, वेड्यासारखे.
झोपायचं कसं, ते मात्र मी नंतर घातलं.
एकटीने.

स्वॅप रॅमपेक्षा मोठा आहे. बघितलं.
पर्याय चालू आहे. बघितलं.
ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर तासभर उगाच संशय घेतला,
बिचारा निर्दोष.
मग दिसला पेनड्राइव्ह,
कुठल्याशा सेमिनारात फुकट मिळालेला, लाल,
दुपारपासून कडेला खोचलेला.
तो आधी जागा झाला
आणि पहिला नंबर धरून बसला.
माझी डिस्क दुसरी झाली.
मी लिहून ठेवलं होतं: पहिलीचा तिसरा भाग.
रांगेतल्या जागेवरून हाक मारली होती मी,
नावाने नाही.

नाव केवढं तर बत्तीस अक्षरं, मध्ये चार आडव्या रेघा.
लाइटबिलाच्या पाठीवर पेन्सिलीने उतरवलं,
आठ की बी, पुन्हा बघून.
एका बोटाने टाइप केलं.
खाली दुधाचे क्रेट उतरायला लागले होते.

दहा टक्के. तीस. चाळीस.
चाळीसवर इतकं थांबलं
की शेजारच्या घरातला पंखा ऐकू आला.
शंभर.

घड्याळात सकाळचे साडेअकरा,
मग ते दचकून पावणेचार झालं.
शार्दूलला लिहीत होते ती खिडकी तशीच उघडी,
शब्द अर्ध्यात, टोकाशी कर्सर उघडझाप करत,
जणू मी नुसती चहा ठेवायला उठले होते.

आवाज तेवढा आला नाही परत.
साउंड कार्ड अजून झोपेतच. बघू उद्या.

"आठव" एवढंच लिहून झालं होतं.
त्याचं मी "आठवड्याभरात" केलं
आणि पुढे लिहीत गेले.