इथे साक्ष होत नाही

कनॉवा नदीकाठच्या या इमारतीत
एकतीस वर्षं मी तळघरात.
वर पाच खुर्च्या, खाली कागद.
शहाण्यानं पायरी चढू नये म्हणतात,
पण इथल्या पायऱ्या मधोमध झिजल्यात;
शहाणे कमीच असावेत या डोंगरांत.

सगळ्यात जुन्या वहीला अजून
खोगिराच्या चामड्याचा वास आहे.
तेव्हा न्यायालयाला घर नव्हतं.
न्यायाधीश गावोगाव फिरायचे,
निकाल पिशवीत, पिशवीवर चिखल.
एका पानावर नदी उतरताना शाई फुटलीय:
दोन भावांच्या कुंपणाचं अपील.
कोण जिंकलं ते वाहून गेलं.
कुंपण असेल अजून, कुठेतरी.

मग कोळसा आला.
तिथून पुढच्या वह्या जाड आहेत.

जानेवारीत डेल्फिया स्टॉलिंग्ज आली,
बर्फातून चार तास गाडी चालवत,
नवऱ्याचा खाणीतला डबा मांडीवर घेऊन.
तिला वाटलं, इथे तरी कुणी विचारेल.
वीस मिनिटं एक वकील बोलला,
वीस मिनिटं दुसरा,
लाल दिवा लागला, सगळे उठले.

जिन्यात तिनं मला गाठलं.
"माझी पाळी कधी?"

उत्तर मला पाठ आहे.
बाई, इथे साक्ष होत नाही.
खाली जे बोललात तेवढंच वर येतं.
खालच्यांनी कायदा नीट लावला का, एवढंच बघतात;
तुमचा माणूस कसा गेला, ते नाही.
हे सांगताना
तिच्या डब्याची कडी मी का धरली होती, कोण जाणे.

जूनमध्ये निकाल लागला. तीन विरुद्ध दोन.
हरली.

विरोधी मत सतरा पानांचं.
शिवताना मी सहसा वाचत नाही.
बाराव्या पानाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
शेवटची दोन वर्षं तो बसून झोपत असे,
खिडकीकडे तोंड करून.
पाहा, जिल्ह्याची नोंद, पान तीनशे बारा.

म्हणजे तिनं सांगितलं होतं.
म्हणजे वर कुणीतरी तीनशे बाराव्या पानापर्यंत
गेलं होतं.

असली हरलेली मतं कधीकधी परत मागवतात.
माझ्या काळात दोनदा:
धूळ झटकून वर पाठवली,
बहुमत होऊन खाली आली.

ही वही मी हाताला येईल अशा फळीवर ठेवलीय.
मागणीची चिठ्ठी अजून कोरी आहे.
पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो.
नव्या पोराला फळी दाखवून ठेवलीय.