मार्गदर्शकाचा शेरा

करुणा,
काल रात्री तुझा प्रकल्प उघडला
आणि पहिल्याच पानाला शिंक आली.
नंदुरबारचा माणूस आहे मी,
ही धूळ कपाटातली नाही एवढं कळतं.
पानांच्या बेचक्यात बारीक लाल कण होते.
तू हे पथारीवर बसून लिहिलंस,
मिरच्यांच्या ढिगाला पाठ टेकून.
आणि तरी सुरुवात काय, तर
‘भारत हा कृषिप्रधान देश आहे.’

एकोणीस वर्षं झाली,
हे वाक्य इतक्या मुलांच्या पहिल्या पानावर भेटलंय
की आता तेच मला ओळखतं, नमस्कार करतं.
खोड ते.
खालची व्याख्याही खोड.
श्रम म्हणजे काय हे तज्ज्ञाला विचारायची
तुला काय गरज पडली, बाई?
सुरू कर तिथून,
जिथे पहाटे टेम्पोत चौदा बाया दाटीनं उभ्या असतात
आणि पंधरावीला जागा होते.
पान बावीस, तळटीप.
तळटीपेत का टाकलंस?

तक्ते ठीक आहेत. तिसऱ्याची टक्केवारी
एकशे तीन भरते, ती बघ.
‘आपण कामावर समाधानी आहात का?’
हो अडतीस. नाही दोन.
त्या दोघींकडे परत जा.
अडतीस जणींकडेही जा,
मुकादम जेवायला गेल्यावर.

आणि ती म्हातारी, क्रमांक नऊ.
‘मना खोकला कोठे लिखशी, बेटी?’
तू समासात पेन्सिलीनं लिहिलंस, मग पुसलंस,
फॉर्मात तसा रकाना नव्हता म्हणून.
कागद दिव्यासमोर तिरपा धरला तेव्हा दिसलं.
रकाना नसेल तर रेघ ओढायची, करुणा.
पट्टी आहे ना तुझ्याकडे?
चौथं प्रकरण तिथून उगवेल असं वाटतं.
नाही उगवलं तर नाही. पण बसून तर बघ.

आता क्रमांक सतरा.
वय अंदाजे पंचेचाळीस, शिक्षण नाही,
देठ खुडण्याचा अनुभव ‘बरीच वर्षे’.
अक्षर तुझंच, पण या एका फॉर्मावर
हात थोडा कापलेला.
ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत
प्राचार्य, ग्रंथपाल, मी, टंकलेखक
यांच्यामागे उभी केलेली मोगीबाई वळवी
हीच ना?
तिला तू ‘आपण’ म्हणालीस?
ती हसली असेल. की नाही हसली?
तेच लिही ना.
संशोधकाचं आणि उत्तरदातीचं नातं काय,
असं पाठ्यपुस्तकात एक प्रकरण असतं.
मी ते शिकवतो. मला ते कधी समजलं नाही.

एक सांगून टाकतो, कुणाला बोलू नकोस.
मागच्या वर्षी बावीस प्रकल्पांवर सही केली,
वाचले सहा.
बाकीचे हातात तोलून पाहिले,
बाजारात टरबूज तोलतात तसे.
मी स्वतः पदवीला होतो तेव्हा
शहाद्याच्या एका दुकानातून
तयार प्रबंध आणला होता, केळीवरचा.
आमच्या घरामागे केळीच होती.
मी खिडकीसुद्धा उघडली नाही.

तारीख पंधरा आहे, ती हलणार नाही.
बाराला रात्री जागू नकोस, चुका वाढतात.
संदर्भसूचीत जे वाचलं तेवढंच ठेव,
चार नावं असली तरी चालतील.
बाहेरचे परीक्षक धुळ्याहून येतात,
कव्हरचा रंग आधी बघतात, मग तुझ्याकडे.
ते विचारतील, नमुना चाळीसच का?
खरं सांग:
एकेचाळिसावीच्या वेळी
वजनकाटा सुरू झाला आणि सगळ्या उठल्या.

स्टेशनजवळचा बाइंडिंगवाला सोनेरी अक्षरांचे
जास्तीचे पैसे घेतो. साधी काळी घे.
नाव मात्र पूर्ण टाक, आईचंही मध्ये.

फॉर्मात ‘मार्गदर्शकाचा शेरा’ याला
विद्यापीठानं एकच ओळ दिलीय.
मी लिहिलं:
वाचताना तीनदा शिंक आली,
तिसरी पान एकेचाळीसवर.
मग रेघ ओढून खाली लिहिलं:
अजून बाइंडिंगला देऊ नये.